मुद्दाम ठेवलेलं छिद्र

पेर्पेतबाईंची मारुती एकोणनव्वदची.
रंग एकेकाळी निळा, आता कुडचड्याच्या खनिजधुळीचा.
रोज सकाळी त्या बॉनेट उघडतात
आणि गाडीला तांब्याने पाणी पाजतात, विहिरीचं.
"अर्धा लिटर पिते," म्हणाल्या,
"आणि खाली थेंब नाही. जातं कुठे?"

छत्तीस वर्षं मडगावात नर्स होत्या.
आत किती गेलं, बाहेर किती आलं,
तक्ता मांडून आणलाय, तारखांसकट.
मी वही वाचली. गिऱ्हाइकं सहसा
एवढं खरं बोलत नाहीत.

आधी होज पिळून पाहिले. वरचा मऊ,
खालचा उन्हात विसरलेल्या सोलासारखा कडक, पण शाबूत.
रेडिएटरच्या जाळीत दोन मेलेली फुलपाखरं, एक चतुर.
तडा नाही.
ऑइलची कांडी काढून बोटावर घासली:
काळं, नुसतं काळं, दुधाळ नाही.
"हेड गेलेलं नाही," मी म्हणालो,
आणि बाईंचे खांदे खाली आले
जसे वॉर्डाच्या दाराशी नातेवाइकांचे येतात.

मग सायकलचा पंप.
जुन्या झाकणाला व्हॉल्व्ह बसवलाय मी, माझाच शोध,
उस्ताद मरेपर्यंत त्याला हसले.
थंड इंजिनात हवा भरली, काटा बारावर,
आणि दोघं गप्प.
फाटकापलीकडे मालगाडी उभी, तीही गप्प.
अकरा. साडेदहा.
पट्ट्याच्या मागे कुठेतरी
कोणी दुधावरची साय फुंकत होतं.

दातांच्या डॉक्टरकडून मागून आणलेला आरसा आत घातला.
पंपाखाली हिरवट पांढरा ओघळ, वाळलेला,
मिठागरात पाणी उडून गेल्यावर उरतो तसा.
आणि ओघळ सुरू होतो तिथे
एम-सीलची गोळी,
अंगठ्याच्या ठशासकट.

"हे कोणी लावलं?"

बाई मालगाडीकडे बघत राहिल्या.
"मी. गेल्या नाताळात.
पोर्चमधली फरशी नवी होती रे."

मी सांगितलं, ते छिद्र कंपनीने मुद्दाम ठेवलेलं असतं.
आतलं सील झिजलं की पाणी तिथून गळतं,
आपल्याला कळावं म्हणून.
ते बुजवलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, आणि मग...
पुढे बोलायची गरज नव्हती.
त्यांनी चष्मा काढून फ्रॉकच्या घेराला पुसला,
घातला, परत काढला,
मग एकदम हसल्या, खोकला येईपर्यंत.
"अख्खी नोकरी डॉक्टरांशी भांडले मी,
जखम बुजवू नका, नळी राहू दे, वाहू दे म्हणून!"

पुली धरून हलवली. डुगडुगली.
नवा पंप दुपारच्या बसच्या कंडक्टरने आणून दिला,
खोक्यात गॅस्केट नाही. रविवार. दुकानं बंद.
बाईंनी डॅशबोर्डच्या खणातून
गाडीचं माहितीपुस्तक काढलं, पुठ्ठ्याच्या वेष्टनाचं.
"घे. वाचलं असतं तर ही वेळ आली नसती."
पुठ्ठा पंपाच्या तोंडावर ठेवून
हातोडीने कडेकडेने ठोकत गेलो,
लोखंडाने आपला आकार स्वतःच कापून घेतला.
एका तुकड्यावर 'सुरक्षित' एवढंच उरलं होतं.
तो बाजू आत गेला, ग्रीस लावून.

एक बोल्ट गंजून तुटला. त्यात दीड तास गेला,
त्याबद्दल काही लिहिण्यासारखं नाही.

अर्धं कूलंट, अर्धं शुद्ध पाणी. विहीर बंद.
हवा बाहेर पडावी म्हणून हीटर पूर्ण सोडला,
मे महिन्यात, आणि दोघं आत बसलो,
मी रेस देत, बाई मनगटावरचं घड्याळ बघत,
जुनी सवय, ओठ हलताना दिसत होते.
पंखा लागला. थांबला. परत लागला.
काटा मधोमध येऊन टेकला.

"अजून किती चालेल?" त्यांनी विचारलं.
हा प्रश्न त्यांनाही खूपदा विचारला गेला असणार,
म्हणून मी लगेच उत्तर दिलं नाही.

तेवढ्यात गॅरेजमधला भुटू
ट्रेमधलं हिरवं पाणी हुंगायला आला.
गोड लागतं ते त्यांना, आणि विष असतं.
बाई माझ्या आधी ओरडल्या,
माझ्या आधी उतरल्या,
चप्पल एक गाडीतच राहिली.